बारा-पंधरा झाडं

सेंट हेलेना बेटावरचं ऑलिव्ह २००३ साली नामशेष झालं, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. बागेत जपलेलं शेवटचं रोप त्या वर्षाच्या अखेरीस गेलं. रानातलं शेवटचं झाड त्याआधीच, १९९४ मध्ये वाळलं होतं. तारखा बरोबर आहेत. तरीही उभी हयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या मला २००३ ही त्या झाडाच्या मरणाची तारीख म्हणून मान्य होत नाही. झाड त्याच्या फार आधीपासून मरत होतं, आणि ते लोकांना ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, पुस्तकात छापून आलं होतं.

नावात ऑलिव्ह असलं तरी त्या झाडाचा खऱ्या ऑलिव्हशी काही संबंध नाही. ते आपल्या बोरीच्या कुळातलं. कोकणात आणि गोव्यात एप्रिल-मेमध्ये डोंगरावर जी पांढरी तोरणं खातो, तीही त्याच कुळातली. म्हणजे झाड हजारो मैलांवरचं, पण घराणं आपल्या ओळखीचं. शास्त्रीय नाव नेसिओटा इलिप्टिका. फार उंच न होता आडवं पसरणारं, काळपट सालीचं झाड. पानं वरून गर्द हिरवी, खालून फिकट, लवदार. जून ते ऑक्टोबर त्याला बारीक गुलाबी फुलं यायची. फळ म्हणजे लाकडासारखं टणक बोंड, ते पिकायला वर्ष घ्यायचं आणि मग तडकून आतल्या काळ्या, तुकतुकीत, तिकोनी बिया बाहेर पडायच्या. नेसिओटा या वंशात दुसरी जातच नव्हती, त्यामुळे एक जात गेली आणि तिच्याबरोबर अख्खा वंश गेला.

बेट आहे दक्षिण अटलांटिक महासागरात, ज्वालामुखीतून वर आलेलं. क्षेत्रफळ जेमतेम १२२ चौरस किलोमीटर. आफ्रिकेचा किनारा जवळजवळ दोन हजार किलोमीटर दूर. नेपोलियनला तिथे ठेवलं होतं एवढंच आपल्याला शाळेत सांगतात. बेटाच्या कडा कोरड्या आणि उघड्या आहेत, पण मधोमध डायनाज पीक नावाचं आठशे मीटरांहून थोडं उंच शिखर आहे आणि त्याच्या धारेवर कायम ढग अडतात. ऐन पावसाळ्यात आंबोलीला उभं राहिलेल्या माणसाला ती ओल समजावून सांगावी लागणार नाही. त्या धारेवर माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या वृक्षनेच्यांची दाटी होती आणि त्या दाटीत ऑलिव्ह वाढायचं.

या बेटाचा पहिला रहिवासी गोव्यातून गेला. मी फोंड्याची. पणजीला जाताना बाणस्तारीचा पूल लागतो, खाली कुंभारजुव्याचा कालवा. तिथे आदिलशाही किल्ला होता. १५१२ साली पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्कने त्याला वेढा घातला. आत आदिलशाही सरदार रसूल खानाच्या बाजूने लढणाऱ्यांत काही पोर्तुगीज होते, धर्म बदलून आदिलशाहीला मिळालेले. त्यांना जिवे मारायचं नाही या अटीवर रसूल खानाने किल्ला सोडला. आल्बुकेर्कने अट अक्षरशः पाळली. त्यांना जिवंत ठेवलं, पण नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापला. त्यांतला एक फेर्नांव लोपिश. काही वर्षांनी तो जहाजाने मायदेशी निघाला आणि वाटेत सेंट हेलेनाला पाण्यासाठी थांबलेल्या जहाजावरून उतरून रानात लपला. जहाज त्याला सोडून निघून गेलं. ज्या तोंडाने पोर्तुगालला जायचं ते तोंडच त्याला ठेवलं नव्हतं.

बेट तोवर पूर्ण निर्मनुष्य होतं. १५०२ साली पोर्तुगीजांना ते सापडलं, पण वस्ती कुणी केली नव्हती. लोपिश तिथे एका हाताने, अंगठ्याशिवाय जगला. सोबतीला एक कोंबडा होता, जहाजावरून पाण्यात पडून किनाऱ्याला लागलेला. पुढे येणारी-जाणारी जहाजं त्याच्यासाठी बिस्किटं, कपडे, बियाणं, कलमं ठेवून जाऊ लागली. त्याने बाग केली, फळझाडं लावली, जनावरं वाढवली. एकदा तो लिस्बनला आणि तिथून रोमला पोपच्या भेटीला जाऊन आला, आणि परत बेटावरच गेला. १५४५ मध्ये तिथेच वारला. आल्बुकेर्कच्या सुरीने ज्याचं माणूसपण हिरावायचा प्रयत्न केला, त्या माणसाने एका ओसाड बेटावर फळबाग उभी केली. मला तो फार मोठा माणूस वाटतो. पण त्याच काळात त्या बेटावर बकऱ्या आल्या, हेही त्याच इतिहासात लिहायला हवं. पोर्तुगीज दर्यावर्दी वाटेतल्या बेटांवर बकऱ्या सोडत, म्हणजे परतीच्या प्रवासात ताजं मटण मिळायचं. हेतू सरळ होता.

बकरीला शत्रू नाही, पाला मुबलक. १५८८ साली थॉमस कॅव्हेंडिश हा इंग्रज दर्यावर्दी तिथे उतरला तेव्हा त्याला जवळजवळ मैलभर लांब कळप दिसले. बकरी जुनं झाड पाडत नाही, आणि तिथेच सगळ्यांची फसगत होते. मोठी झाडं उभीच असतात, रान हिरवंगार दिसतं. बकरी खाते ते टीचभर रोप. त्याचा शेंडा गेला की ते खुरटतं, दुसऱ्यांदा गेला की मरतं. आपले धनगर-गवळी हे आपल्याहून चांगलं जाणतात. कुठल्या रानात कळप कधी न्यायचा नाही याचे त्यांचे नियम असतात. सेंट हेलेनावर राखणही नव्हती आणि नियमही नव्हते. दोनशे वर्षं एकही नवं झाड वाढलं नाही आणि मग जुनी झाडं आपापल्या वयाने कोसळू लागली. १८३६ साली चार्ल्स डार्विन त्या बेटावर गेला होता. बकऱ्या आल्यापासून बेटाचं रूप पालटेपर्यंत सव्वादोनशे वर्षांच्या आसपास गेली, याचं त्याला फार नवल वाटलं होतं. १७१६ साली दाट झाडी असलेल्या एका मोठ्या रानातली बहुतेक जुनी झाडं १७२४ पर्यंत पडून गेली होती. सुटी जनावरं मारायचा हुकूम निघाला तो १७३१ साली.

दरम्यान १६५९ मध्ये बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आलं होतं. हिंदुस्थानातून विलायतेला परतणारी कंपनीची जहाजं तिथे पाणी आणि भाजीपाला घ्यायला थांबत. बेटावर आबनूस म्हणतात असं एक झाड होतं. खरं आबनूस नव्हे. भेंडी-जास्वंदीच्या कुळातलं, पण लाकूड तसंच काळं. कंपनीच्या माणसांनी ते चुन्याच्या भट्टीत जाळलं. बटाट्याची अरॅक दारू गाळायच्या भट्ट्यांनाही रानातलंच सरपण लागे. चामडं कमवणाऱ्यांना आबनुसाची आणि रेडवुड या बेटावरच्याच दुसऱ्या झाडाची साल हवी असायची. ते फक्त बुंध्याची साल सोलत, हाताशी येते तेवढी. फांद्यांची साल तशीच सोडत आणि पुढच्या झाडाकडे वळत. म्हणजे झाड मरायचं आणि अर्धी साल वाया जायची. याच्या तक्रारी खुद्द कंपनीच्याच दफ्तरात आहेत.

अठराव्या शतकात बेटावरच्या अधिकाऱ्यांनी लंडनला लिहिलं की बकऱ्या आबनूस संपवताहेत, त्या मारायची परवानगी द्या. संचालकांनी उत्तर दिलं की बकऱ्या मारू नयेत, आबनुसापेक्षा त्या जास्त कामाच्या आहेत. हा पत्रव्यवहार मी विद्यार्थ्यांना सांगायची तेव्हा वर्गात कुणीतरी हमखास संतापायचं. मला संतापापेक्षा जास्त दुःख होतं, कारण हिशेब त्यांनी केला होता. समोर दोन गोष्टी होत्या, दोन्हींची किंमत मांडली गेली आणि एक निवडली गेली. नजरचुकीने काही झालं नाही.

ऑलिव्ह मात्र वर ढगात होतं, बकऱ्यांच्या वाटेपासून बरंच सुरक्षित. त्याचे दिवस फिरले ते वरचं रान कापायला लागल्यावर, आधी लाकडासाठी आणि कुरणांसाठी. शास्त्रात त्याचं नाव आलं तेही या काळातच, आणि ते देणारा हिंदुस्थानातून आलेला होता. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात हयात घालवलेला विल्यम रॉक्सबर्ग. आपल्याकडच्या कितीतरी झाडांच्या शास्त्रीय नावापुढे त्याचं नाव लागतं. प्रकृती ढासळल्यामुळे तो मायदेशी निघाला आणि वाटेत १८१३-१४ मध्ये काही महिने सेंट हेलेनाला राहिला. आजारी माणसाने स्वस्थ बसावं, पण याने बेटावरच्या झाडांची यादी केली. ती १८१६ मध्ये अलेक्झांडर बीटसन या माजी गव्हर्नरच्या पुस्तकात छापली गेली, तोवर रॉक्सबर्ग वारला होता. बेटाच्या राजधानीत, जेम्सटाउनच्या रस्त्यावर आज पिंपळ उभे आहेत आणि बेटावर साळुंक्या आहेत. कंपनीच्या वाटेने आपल्याकडून तिकडे असं बरंच काही गेलं. तिकडचं जे होतं त्याची पहिली नीट नोंद आपल्याकडून गेलेल्या माणसाने ठेवली, याचं मला समाधान आहे.

पुढे १८६२ मध्ये जोसेफ हूकरने या झाडासाठी नेसिओटा हा स्वतंत्र वंश मांडला. हे झाड जगात एकमेव आहे, हे तेव्हापासून शास्त्राला माहीत होतं. १८७५ साली जॉन चार्ल्स मेलिस या बेटावरच्याच अभियंत्याने सेंट हेलेनावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने लिहिलं की डायनाज पीकच्या उत्तर अंगाला या ऑलिव्हची बारा-पंधरा झाडं उरली आहेत.

बारा-पंधरा. म्हणजे त्याने मोजली. शिखरावर चढून, नेच्यांतून वाट काढत एकेक झाड पाहिलं आणि आकडा लिहिला. बारा-पंधरा झाडं वाचवता येतात. त्यांच्याभोवती कुंपण घालायला, त्यांच्या बिया गोळा करून खाली बागेत रुजवायला फार मोठी विद्या लागत नाही. एक माळी, थोडं कुंपण आणि दर वर्षी बोंडं तडकायच्या आत डोंगर चढणारा माणूस लागतो. १८६०च्या दशकात याच धारेवर सिंकोनाची लागवड करून पाहिली होती. निलगिरीत आणि दार्जिलिंगला क्विनीनसाठी लावला तोच सिंकोना. म्हणजे माळी होते, पैसे होते, वर जायची वाटही होती. सिंकोना लावायला जी माणसं वर गेली त्यांच्यापासून ऑलिव्ह हाकेच्या अंतरावर होतं. तो प्रयोग पुढे सोडून दिला गेला. ऑलिव्हसाठी मात्र मेलिसच्या आकड्यानंतर शंभर वर्षं कुणी काही केलं नाही.

केलं ते उलटंच. न्यूझीलंडहून फ्लॅक्स आणलं होतं, घायपातासारखी तलवारी पानं असलेलं, दोर-सुतळीसाठी. पहिली गिरणी १८७४ मध्ये निघाली, म्हणजे मेलिसचं पुस्तक यायच्या आदल्याच वर्षी. ती चालली नाही. १९०७ नंतर धंद्याने पुन्हा जोर धरला आणि पुढची साठेक वर्षं बेटाचं पोट त्यावर चाललं. तीन हजार एकरांहून जास्त जमीन फ्लॅक्सखाली गेली. वरच्या धारेवरचे नेचे कापून तेही लावलं. गरीब बेटाला रोजगार मिळाला. गिरणीत राबणाऱ्या माणसांना मी दोष देणार नाही. पण फ्लॅक्सची जाळी एकदा जमली की खाली उजेड पोचत नाही, आणि त्यात दुसरं रोप उगवत नाही. ब्रिटिश टपालखातं पार्सलं बांधायला हीच सुतळी वापरायचं. १९६०च्या दशकाच्या मध्यावर टपालखात्याने नायलॉनची दोरी घेतली आणि १९६६ पर्यंत धंदा बसला. फ्लॅक्स मात्र डोंगरावरच राहिलं. ते अजून तिथे पसरतं आणि अजून ते उपटावं लागतं.

ऑलिव्ह गेलं असंच सगळे धरून चालले होते. १९७७ साली जॉर्ज बेंजामिन या बेटावरच्याच माणसाला डायनाज पीकजवळच्या एका कड्यावर एक झाड दिसलं. बाहेरून आलेला कुणी संशोधक नव्हे, त्याच मातीतला, रानाची कामं करणारा माणूस. त्याच्या नजरेचं मोल मी कसं सांगू? हिरव्यात हिरवं असलेलं, फुलात नसलेलं एक झाड शेजारच्या झाडीतून वेगळं ओळखायला पुस्तक पुरत नाही. त्याला एक झाड सापडलं. एकच.

वर्गात ही गोष्ट इथवर आली की कुणीतरी विचारायचं, "मॅडम, मग बिया का नाही लावल्या?" उत्तरासाठी मी त्यांना बोरीखाली न्यायची. पावसाळ्याच्या शेवटी बोर फुलते. फूल इतकं बारीक की भिंगाशिवाय काही कळत नाही. भिंगातून पाहिलं की पाच पाकळ्या दिसतात, प्रत्येक पाकळी टोपीसारखी वाकून एकेका पुंकेसरावर बसलेली, आणि मधे मधाने चकाकणारी चकती. पाकळी मागे वळते, पुंकेसर मोकळा होतो, पराग उडतो. आणि त्या वेळी त्याच फुलाचं स्त्रीकेसर अजून तयारच नसतं. ते नंतर तयार होतं, तेव्हा आपला पराग संपलेला असतो. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे बोराच्या कित्येक जाती स्वतःच्याच झाडाचा पराग आला तरी तो नाकारतात. म्हणून बाग लावताना मधे मधे दुसऱ्या जातीची झाडं लावा असं सांगतात. झाडाने हे आपल्या भल्यासाठीच ठरवलेलं असतं. रक्तातलंच लग्न टाळावं, तसं.

ऑलिव्हचा हा नियम बोरीपेक्षाही कडक होता. स्वतःचा पराग ते जवळजवळ शंभर टक्के नाकारायचं. रानात पंधरा झाडं असताना याने काही बिघडत नव्हतं. बेटावरचीच एक पुष्पमाशी फुलांवर यायची, या झाडाचा पराग त्या झाडाला पोचायचा. एकच झाड उरल्यावर माशी तीच होती, फुलं तीच होती, पराग तोच होता, आणि तो पोचवायला दुसरं झाड नव्हतं. झाड दर वर्षी फुलायचं आणि बहुतेक फुलं वांझ गळायची. त्यातूनही क्वचित एखादं बी धरलं जायचं. अशा बियांतून मोजकी रोपं तयार झाली, पण ती सगळी एकाच झाडाची, स्वतःच स्वतःशी फळलेल्या झाडाची लेकरं होती. फांद्या छाटून कलमं केली तीही कुजत गेली, बुरशीने पछाडलेली. त्यांतलं एकच काय ते मुळं धरून जगलं. ज्यांनी हे केलं त्यांनी जिवाचं रान केलं यात मला शंका नाही. १९९४ मध्ये कड्यावरचं झाड मेलं. बागेतली रोपं बुरशीने आणि वाळवीने एकेक करून गेली आणि २००३ मध्ये शेवटचं गेलं. त्याचा डीएनए लंडनच्या क्यू उद्यानात गोठवून ठेवला आहे.

म्हणून २००३ मला पटत नाही. जिवंत झाड १९७७ मध्ये सापडलं, पण नेसिओटाचा वंश त्याआधीच संपलेला होता. ज्या दिवशी कड्यावरच्या त्या झाडाच्या आवाक्यातलं दुसरं झाड पडलं, त्या दिवशी तो संपला. १८७५ नंतर आणि १९७७ च्या आधी कधीतरी. बारा-पंधराचे दोन झाले असतील, मग दोनाचं एक. त्या दुसऱ्या झाडाची तारीख कुठल्याही पुस्तकात नाही. ते फ्लॅक्स लावायला कापलं गेलं, की वाऱ्याने पडलं, की म्हातारं होऊन वाळलं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. शेवटच्या झाडाची तारीख महिन्यासकट सापडते, कारण ते शेवटचं आहे हे माहीत होतं. माझ्या हातात असतं तर मी ज्याची नोंद नाही त्या झाडापाशी हा इतिहास थांबवला असता, आणि विद्यार्थ्यांना तीच तारीख विचारली असती.

जॉर्ज बेंजामिनला पुन्हा एकदा असंच झाड दिसलं. १९८० मध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञ क्वेंटिन क्रॉंक याच्याबरोबर असताना, समुद्रावरच्या कड्यावर आबनुसाची दोन झुडपं. शंभराहून अधिक वर्षं ते नामशेष समजलं जात होतं. जॉर्जचा भाऊ चार्ली दोराला धरून कड्यावरून खाली उतरला आणि फांद्या घेऊन वर आला. त्या फांद्यांना मुळं फुटली. आज बेटावर त्या दोन झुडपांपासून वाढवलेली हजारो आबनूस झाडं आहेत. कंपनीने बकरीपेक्षा कमी किमतीचं ठरवलेलं हेच ते झाड. एका झाडाऐवजी दोन असणं, आणि कलम लागणं, एवढाच त्याच्या आणि ऑलिव्हच्या नशिबातला फरक.

तिसरं झाड आज हातघाईवर आहे. बास्टर्ड गमवूड, सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याचं एक झाड १९८२ मध्ये सापडलं आणि १९८६ मध्ये पडलं. मग २००९ मध्ये आणखी एक रानटी झाड सापडलं, हेही कड्यावर, हेही एकटं. तेही स्वतःचा पराग फारसा मानत नाही, त्याच्या बहुतेक बिया पोकळ निघतात. शेजारच्या साध्या गमवूडचा, म्हणजे वेगळ्या जातीचा, पराग येऊन संकर होऊ नये म्हणून बेटावरच्या लोकांनी त्या झाडाला जाळी घातली आणि ब्रश घेऊन फुलामागून फूल हाताने फळवत गेले. बिया आल्या की एकेक चाचपून पोकळ कुठली, भरीव कुठली हे निवडायचं, आणि भरीव सापडेल ती रुजत घालायची.